पडून राहायला निमित्त

आमच्या जालन्याकडे बाई आजारी आहे हे घराला पटतं ते सलाईनची बाटली टांगल्यावर. तोवर ती नुसती "अंग मोडून आलंय" म्हणत असते आणि भाकरी थापत असते. एकदा हाताला चिकटपट्टी लागली, बाटलीतून थेंब पडायला लागले, की सासू पाणी आणून देते, नवरा पोरांना गप्प करतो आणि बाई दीड-दोन तास डोळे मिटून पडते. खेड्यातल्या दवाखान्यात "डॉक्टरसाहेब, दोन बाटल्या लावा" असं बायका आपण होऊन सांगतात. जिला तोंडाने अन्नपाणी घेता येतं तिला त्या मीठ-साखरेच्या पाण्याने विशेष काही होत नाही, हे लावणाऱ्यालाही ठाऊक असतं. बाईला हवं असतं पडून राहणं, आणि बाटली हा त्याचा पुरावा.

हे कळायला मला सुया हातात घ्याव्या लागल्या. मी ॲक्युपंक्चर करते. जुन्या जालन्यात गांधी चमनच्या बाजूला माझी दोन खोल्यांची जागा आहे, आणि आठवड्यातून एकदा मी जाफराबाद तालुक्यातल्या एका गावी जाते. संभाजीनगरला शिकले, तेव्हा ते औरंगाबाद होतं. राज्याने या पद्धतीसाठी स्वतंत्र कायदा केला, परिषद नेमली, तेव्हा रीतसर नोंदणी करून घेतली. केंद्र सरकारनेही २०१९ साली ही स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्य केली. नोंदणीचा कागद भिंतीवर लावलेला आहे, पण तो कुणी वाचत नाही. बायका वेगळंच विचारतात.

"हे चायनाचं हाय म्हणं?"

करोनानंतर हा प्रश्न जास्त येतो आणि त्यात धास्ती असते. मी लपवत नाही. पद्धत चीनचीच, दोन हजार वर्षांहून जुनी. ती आपल्याकडे कशी आली हे सांगताना मात्र मला सोलापूरला जावं लागतं. जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते आणि कलकत्त्याचे बिजयकुमार बसू होते. कोटणीस तिकडेच राहिले, तिथल्याच मुलीशी लग्न केलं, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेले. व्ही. शांतारामांच्या सिनेमामुळे त्यांचं नाव घरोघरी पोहोचलं. बसू परत आले, पन्नासच्या दशकाच्या अखेरीला पुन्हा चीनला गेले, त्या खेपेस ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ पासून कलकत्त्यात ते करू लागले. भारतातल्या ॲक्युपंक्चरची सुरुवात तिथली. कोटणीस शल्यविशारद होते. त्यांनी सुया लावल्या असं मी कुणाला भासवत नाही. पण त्या पथकाने जोडलेल्या नात्यातूनच ही विद्या इकडे आली, आणि लुधियान्यात त्यांच्या नावाचं ॲक्युपंक्चरचं रुग्णालय उभं आहे. सोलापूरचा माणूस म्हटलं की बायकांचा चेहरा सैल पडतो. मराठवाड्यातल्या बाईला सोलापूर परकं नाही.

राहिलेली भीती सुई पाहिल्यावर जाते. इंजेक्शनची सुई पोकळ असते, तिच्यातून औषध जातं. ही भरीव, पाव मिलिमीटर जाडीची, इंजेक्शनच्या सुईच्या पोकळीत मावेल इतकी बारीक. हिच्यातून काही आत जात नाही. नळीत घालून वरून टिचकी मारली की कातडीत शिरते, मग नळी काढून ती हलकेच पुढे सरकवायची. नीट जागी पोहोचली की टोचल्यासारखं वाटत नाही. आत जड वाटतं, ठणकतं, कधी मुंग्या लांबवर धावतात. "आलं का?" मी विचारते. "आलं, आलं, पार कोपरापर्यंत गेलं," असं उत्तर आलं की मी हात काढून घेते. मनगटावरच्या जागेला आमच्या बायकांच्या बांगड्या आड येतात. मळमळीसाठी, छातीत धडधडतं त्यासाठी ही जागा वापरतात: मनगटाच्या सुरकुतीपासून तीन बोटं वर, दोन कंडरांच्या मधोमध. काचेच्या डझनभर बांगड्या कोपराकडे सरकवून त्यांना रबर लावते, मगच सुई. घोट्याच्या आतल्या बाजूची चार बोटं वरची जागा पैंजणाखाली असते. जोडव्यांमुळे आपल्या बायकांना आपोआप ॲक्युप्रेशर मिळतं, असं पुष्कळ जणी मला ऐकवतात, शिकलेल्या जास्त. मी त्याला मान हलवत नाही. जोडव्याने दुखणं थांबत असतं तर या बायका माझ्या दारात आल्या नसत्या.

सुया लावून झाल्या की अंगावर चादर टाकते आणि सांगते, "आता वीस मिनिटं हलायचं नाही." पहिल्या खेपेला बाईच्या डोळ्यांत मला दर वेळी तेच दिसतं. आधी ती दाराकडे बघते, मग मोबाईल शोधते. मोबाईल मी दुसऱ्या खोलीत ठेवलेला असतो. दोनेक मिनिटांनी खांदे खाली येतात. बहुतेक जणी झोपतात. शाळेतल्या बाई, आशा कार्यकर्ती, एमआयडीसीतल्या सळईच्या कारखान्यात हिशेब लिहिणारी मुलगी, सिंधी बाजारात दुकान चालवणारी विधवा: झोपण्यात फरक नाही. हातापायांत सुया आहेत, उठता येत नाही, कुणी उठवूही शकत नाही. सोबत आलेली सासू बाकावर बसून वाट बघते आणि तिलाही ते रास्त वाटतं, कारण उपचार चालू आहे.

केंद्र सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली होती. घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवते आणि घरकामाला हात लावणारा पुरुष ९७, असं त्यात आलं. ते आकडे वाचून मला नवल वाटलं नाही. आमच्याकडे त्यात पाण्याचा हिशेब वेगळा धरावा लागेल. शहरात नळ आठ-दहा दिवसांनी येतो, आणि ज्या गल्लीत नळ येणार त्या गल्लीतल्या बायका त्या दिवशी माझ्याकडे येत नाहीत. मी आता नाव लिहून घेतानाच वार विचारत नाही, "नळ कधी आलाय?" विचारते आणि त्यावरून पुढची तारीख देते.

सुईआधी आणखी एक प्रश्न सक्तीचा. "जेवून आलीस का?" उपाशीपोटी सुया लावल्या तर चक्कर येते, घाम फुटतो, क्वचित शुद्ध हरपते. आणि आमच्या बायका उपाशी असतात. सोमवार, गुरुवार, एकादशी, चतुर्थी. राजूरचा गणपती जवळ असल्याने अंगारकीला तर सगळं गाव उपाशी. शिवाय उपास नसला तरी सगळ्यांचं झाल्याशिवाय न जेवणाऱ्या असतातच. कपाटात शेंगदाण्याचे लाडू आणि खजूर ठेवलेले आहेत. उपासाला दोन्ही चालतात.

चिनी वैद्यकातली जी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते ती सुई नाही, विचारपूस आहे. थंडी वाजते की उकडतं, घाम कधी येतो, तहान किती, तोंडाला चव कशी, झोप, शौच, लघवी, पाळी, डोकं, छाती: ठरलेल्या क्रमाने विचारत जायचं, जीभ बघायची, दोन्ही मनगटांची नाडी तीन तीन बोटांनी बघायची. यकृतात ऊर्जा कोंडली, प्लीहा अशक्त झाली, असल्या भाषेतलं निदान मी बाईला सांगत बसत नाही. ती दोन हजार वर्षांपूर्वीची मांडणी आहे, आजच्या शरीरशास्त्राशी ती जुळत नाही. पण त्या प्रश्नांमुळे जे हाती लागतं ते दुसरीकडे क्वचितच लागतं. तहान विचारली की बायका सांगतात, "लागती, पण पाणी पीत नाही." का? रानात आडोसा नाही. मुकादम बाप्या, बांधावर माणसं, चार वाजेपर्यंत लघवीला जायची सोय नाही. म्हणून सकाळी निघाल्यापासून घोट घोटच प्यायचं. डोकं दुखतं, जळजळ होते, पायात गोळे येतात, याचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं. अशा बाईला मी आधी लघवीची तपासणी लिहून देते.

जाफराबाद, भोकरदन आणि पलीकडचा देऊळगाव राजा हा पट्टा बियाण्यांचा आहे. जालन्यात बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली महिको सुरू केली, पाठोपाठ इतर कंपन्या आल्या, आणि संकरित बियाणं घडवण्याचं काम, ज्याला इथे क्रॉसिंग म्हणतात, आजूबाजूच्या गावांत रुजलं. पूर्वी कपाशीचं होतं. आता पांढऱ्या-हिरव्या जाळीच्या शेडनेटांमध्ये मिरची आणि टोमॅटो. बाजारात पाकिटातून विकत घेतलेलं ते बी मुळात एका बाईच्या अंगठा-तर्जनीतून गेलेलं असतं. टोमॅटोची कळी उमलायच्या आदल्या दिवशी चिमट्याने अलगद उघडायची, आतले पुंकेसर स्त्रीकेसराला धक्का न लावता उपटून टाकायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग त्या स्त्रीकेसराच्या टोकाला लावायचे, खूण करायची, पुढच्या कळीकडे वळायचं. मान खाली, कोपरं हवेत, नजर काडीएवढ्या जागेवर. जाळीच्या आत वारा नाही. कळी फुटली किंवा अर्धवट राहिली तर बियाणं भेसळीचं ठरतं, म्हणून चिमट्यावरची पकड दिवसभर सैल सोडता येत नाही.

तिथली एक पस्तिशीतली बाई उजवा हात पोटाशी धरून आली. "अंगठा बंद पडला ताई. पीठ मळवंना, चिमटा धरवंना. मुकादम म्हणतो, उद्या नाही आली तर दुसरी बघतो." मी तिला अंगठा मुठीत घालून मनगट करंगळीकडे वाकवायला सांगितलं, ती कळवळली. अंगठ्याच्या मुळाशी दोन कंडरा ज्या म्यानातून जातात ते म्यान सुजलं होतं. चिमटा धरणाऱ्या, बाळाला तासन्‌तास उचलणाऱ्या, कपडे पिळणाऱ्या बायकांचं हे ठरलेलं दुखणं. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातली जागा चिनी वैद्यकात वेदनेवरची फार महत्त्वाची मानतात, आणि नेमकी तीच जागा तिची दगडासारखी घट्ट झाली होती. तिथे एक, मनगटाजवळ दोन, कोपराखाली एक अशा सुया लावल्या. ठणका त्या दिवसापुरता कमी झाला. पण ती परत जाऊन त्याच चिमट्याने त्याच कळ्या उघडणार, हे मला दिसत होतं. तिचा चिमटा मागून घेतला. पातळ पत्र्याचा, धरायला कागदाच्या कडेएवढी जागा. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून त्याच्या दोन्ही पायांना गुंडाळला. पकड जाड झाली की कमी जोर लागतो, अंगठ्यावरचा ताण उतरतो. आठवड्याने मी गेले तर त्या शेडनेटमधल्या सगळ्या चिमट्यांना ट्यूब लागलेली होती. तिचा अंगठा पुरता बरा व्हायला हंगाम संपावा लागला, सुयाही चालू होत्या, रात्री फळीची पट्टीही बांधत होती. त्यातलं श्रेय कशाला किती, याची वाटणी मला करता येत नाही.

सुईने काय होतं आणि काय नाही, हे बायकांना स्पष्ट सांगावं असं मला फार वाटतं, कारण त्यांचे पैसे आणि त्यांची रोजंदारी पणाला लागलेली असते. जर्मनीत पाठदुखीच्या हजारावर रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. काहींना खऱ्या जागी सुया, काहींना भलत्याच जागी वरवर टोचलेल्या खोट्या सुया, काहींना औषध-व्यायाम असे नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी खऱ्या सुयांच्या गटात ४७.६ टक्के लोकांना चांगला उतार होता, खोट्या सुयांच्या गटात ४४.२ टक्के आणि नेहमीच्या उपचारांत २७.४ टक्के. आमच्यातले कित्येक हा अभ्यास अभिमानाने दाखवतात आणि मधला आकडा गाळतात. मला मधला आकडाच विचारात पाडतो. खऱ्या आणि खोट्या सुयांच्या गटांत सारखं काय होतं? दोन्हींत माणूस आठवड्यातून दोनदा अर्धा तास आडवा पडला, कुणीतरी त्याच्या अंगाला हात लावून कुठे दुखतं ते बघितलं, आणि काही टोचलं. माझ्या खोलीत जे घडतं त्यातला मोठा भाग तोच असावा.

ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ साली कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर सुचवू नये असं ठरवलं, अमेरिकेतल्या वैद्यांच्या संघटनेने पुढच्याच वर्षी त्याच कंबरदुखीसाठी ते पर्यायांत घेतलं. अर्धशिशीसाठी मात्र औषधं लागू पडत नसतील तर पाच ते आठ आठवड्यांत जास्तीत जास्त दहा बैठका करून बघाव्यात, असं नाइस म्हणते. मुदतीचं म्हणून मला हे पटतं. संभाजीनगरहून रेल्वेने रोज अप-डाऊन करणाऱ्या एका शिक्षिकेला मी अशाच दहा बैठका सांगितल्या. डोकं किती वेळा दुखलं, किती गोळ्या लागल्या, हे वहीत लिहायचं, डॉक्टरांच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, आणि दहा झाल्यावर वही बघून ठरवायचं. तिला फरक पडला. ज्यांना पडत नाही त्यांनाही मी दहानंतर थांबवते. बैठकांमागून बैठका चालू ठेवणारे लोक या धंद्यात आहेत, आणि बायका लाजेकाजेस्तव जात राहतात.

एक गोष्ट सुईने कधीच होत नाही. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलेलं आहे. "थकवा जात नाही, जिना चढताना दम लागतो," म्हणणाऱ्या बाईची खालची पापणी ओढून बघितली की पांढरीफटक. चिनी वैद्यकात रक्ताची उणीव म्हणून त्यासाठी जागा सांगितलेल्या आहेत. त्या जागी सुया लावून मी पैसे घेतले तर ते पाप होईल. तिला लोहाच्या गोळ्या लागतात, गोळ्या लिंबासोबत आणि चहापासून लांब घ्याव्या लागतात, आणि कधी कधी शिरेतून लोह द्यावं लागतं. तिथे मी चिठ्ठी लिहून शासकीय स्त्री रुग्णालयात पाठवते.

पाळीच्या दुखण्याचंही तसंच. मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या भागांतून कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला जातात. परतल्यावर बायका विचारतात, "ताई, पिशवी काढून टाकू का? कटकटच नको." वय विचारावं तर तिशीच्या आत-बाहेर. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली, तेव्हा सुमारे ८२ हजार जणींपैकी १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. खाडा पडला की उचलीतून पैसे कापले जातात, फडावर न्हाणी नाही, संडास नाही. तिथे पाळी ही अडचण होते आणि पिशवी काढणं हा उपाय वाटतो. अशी बाई आली की मी घाई करत नाही. रक्तस्राव जास्त असेल, अंगावरून पांढरं जात असेल तर आधी सोनोग्राफी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ. नुसती कळ असेल, तपासणीत काही निघत नसेल, तर पाळीच्या आधीच्या आठवड्यापासून सुया आणि पोटाला शेक. चीनमध्ये दवण्याच्या कुळातल्या एका वनस्पतीची वाळलेली पानं कुटून त्यांची कांडी करतात आणि ती पेटवून कातडीपासून दोन बोटांवर धरतात. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवणाऱ्या आमच्या आज्या-मावश्यांना हा शेक लगेच समजतो. धूर फार होतो, म्हणून खिडकी उघडी ठेवते. ज्यांना कांडी परवडत नाही त्यांनी गरम पाण्याची पिशवी घ्यावी. कळ कमी करायला ती पुरेशी चांगली आहे, हे मी सांगून टाकते. पाळीच्या चार दिवसांत कळ निभावता येते एवढं कळलं, की पिशवी काढायचा विषय निदान पुढे ढकलला जातो. पुढे ढकलला जाणं हेही मला मोठं वाटतं. तिशीत अंडाशयांसकट सगळं काढलेल्या बायका चाळिशीत हाडं ठिसूळ झालेली घेऊन येतात, तेव्हा माझ्याकडे फारसं काही उरलेलं नसतं.

दहा बैठका सांगितल्या तरी खेड्यातून येणाऱ्या बाईच्या चार होतात. एसटीचं भाडं, बुडालेली रोजंदारी, गुरांचं पाणी, घरातल्यांचा "झालं की आता बरं" हा सूर. जिला सगळ्यात गरज ती सगळ्यात लवकर गळते. "स्वतःसाठी वेळ काढा" हे वाक्य मासिकांतून, टीव्हीवरून, आमच्या व्यवसायातल्या लोकांच्या तोंडून मी इतकं ऐकलं आहे की मला त्याची चीड येते. ती वेळ कुठून काढणार? तिचा वेळ तिच्या मालकीचा नाही. तो घराकडून, मालकाकडून, मुकादमाकडून सोडवून आणावा लागतो, आणि त्याला सगळ्यांना दिसेल असं काही निमित्त लागतं. सलाईनच्या बाटलीने ते काम वर्षानुवर्षं केलं. ते काम स्वस्तात, निर्धोकपणे आणि रोज करेल असं काही मला हवं होतं.

कानावर लावायच्या बिया मी याच विचाराने सुरू केल्या. चीनमध्ये गव्हात उगवणाऱ्या एका तणाचं मोहरीएवढं काळं बी चिकटपट्टीवर ठेवून कानाच्या ठराविक जागी लावतात आणि दिवसातून तीन-चार वेळा बोटाने दाबतात. सुई नाही, रक्त नाही, पट्टी चार-पाच दिवस टिकते. सुईइतका यांचा अभ्यास झालेला नाही, हेही मी बायकांना सांगते. गरोदर असेल तर लावत नाही. बेचक्यातली आणि घोट्यावरची जागाही गरोदरपणात दाबायची नाही, हे शिकवतानाच बजावते. पहिल्यांदा लावल्या तेव्हा शेडनेटमधल्या एकीने पट्टी नखाने उचलून बी निरखलं आणि विचारलं, "कोणत्या कंपनीचं बी? उगवण किती टक्के?" दिवसभर ज्यांच्या हातात बियाण्याची शुद्धता असते त्यांनी दुसरं काय विचारायचं!

बियांसोबत मी एक चिठ्ठी देते. दवाखान्याच्या कागदावर, तारीख घालून, सही-शिक्का मारून. त्यावर लिहिलेलं असतं: दुपारच्या जेवणानंतर कानाच्या बिया दाबणे, त्यानंतर २० मिनिटे आडवे पडणे, रोज. अपचनाच्या गोळीखाली जसं "जेवणाआधी" लिहितात तसंच हे लिहिलेलं. यात फसवणूक नाही. बाईला मी सांगते की बिया थोडा गुण देतील किंवा देणार नाहीत, पण वीस मिनिटं पाठ टेकणं हा उपचाराचाच भाग आहे आणि तो चुकवायचा नाही. चिठ्ठी मी बाईच्या हाती देत नाही. सोबत जो आला असेल त्याच्या हाती देते, वाचून दाखवते आणि "हे तुमच्याकडं" म्हणते. सासू असेल तर तिलाही पलंगावर घेऊन गुडघ्याला सुया लावते. जिने स्वतः वीस मिनिटं पडून बघितलं ती सुनेला पडू देते, असं मला पुष्कळदा दिसलं आहे. सगळ्याच देतात असं नाही.

चिठ्ठी शेडनेटच्या मालकापर्यंत गेली ती त्या अंगठ्याच्या बाईमुळे. तो माझ्याकडे भांडायच्याच तयारीने आला. सगळ्या बायका दुपारी लिंबाखाली आडव्या होतात, क्रॉसिंगचं नुकसान कोण भरून देणार? मी त्यालाच कामाची वेळ विचारली. पराग लावायचे ते सकाळी. कळ्या उघडायच्या त्या ऊन कलल्यावर. भर दुपारी जाळीच्या आत उन्हाने परागही नीट धरत नाहीत, तेव्हा बायका नुसत्या बसवून ठेवलेल्या असतात किंवा तण काढत असतात. मग वीस मिनिटांत त्याचं काय जातं? तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, बघतो. त्या हंगामात त्याने हरकत घेतली नाही. लिंबाखाली एक जुनी ताडपत्री आली, पाण्याचा जार आला, आणि बायकांनीच मागे लागून शेडच्या मागे पत्र्याचा आडोसा करून घेतला. पाणी प्यायला लागल्यावर दुपारची डोकेदुखी कमी झाली, असं त्याच सांगतात.

यंदा भाद्रपदात क्रॉसिंग सुरू होण्याआधी त्या गावातल्या आणखी दोन शेडनेटच्या मालकांशी बोलायचं ठरवलं आहे. एक जण तयार आहे. दुसरा म्हणतो, एकदा वीस मिनिटं दिली की उद्या तास मागतील. त्याच्या बायकोचा खांदा गेल्या दिवाळीपासून धरलेला आहे, हात डोक्यापर्यंत जात नाही, वेणी मुलगी घालून देते. तिला मी येत्या खेपेला बोलावलं आहे, आणि सोबत त्यानेच यायचं असं सांगून ठेवलं आहे.